शहादेव-सिंधुबाई आणि पार्टी

आमच्या दिंद्रुडात शहादेवदादांचा आवाज ओळखत नाही असं घर नव्हतं. त्यांची गायन पार्टी नसली तर भीमजयंती झाल्यासारखी वाटायची नाही. त्या पार्टीत मी ढोलकी वाजवतो.

सिंधुवहिनींची आणि त्यांची ओळख गाण्यातच झाली. युसूफ वडगावला कार्यक्रम होता. दादा रंगात आले होते आणि एका कडव्यात त्यांचा शब्द चुकला. बायकांमधून एक पोरगी उभी राहिली. "शब्द चुकलाय तुमचा."

दादांनी माईक पुढं केला. "मग या की, बरोबर म्हणून दावा."

ती आली आणि अख्खं कडवं म्हणून गेली. दादा नुसते बघत राहिले. परत येताना जीपमध्ये मला म्हणाले, "समाधान, भर मंडपात माझी चूक काढनारी पयल्यांदाच भेटली. लगीन करीन तर हिच्याशीच."

लग्न झालं. सून स्टेजवर गाणार म्हणून त्यांच्या वडलांनी, आप्पांनी, कुरकुर केली. दादांनी ऐकलं नाही. वहिनींना कोरसला न बसवता शेजारी बसवलं. दोघं मिळून सगळा जिल्हा फिरले.

पुढं दादांच्या घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काढलं. दादा घरी आले ते मुके होऊन. भेटायला गेलं की भिंतीकडं तोंड करायचे. गाताना स्वतः वाजवायचे ती पेटी त्यांनी माझ्या घरी पाठवून दिली.

वहिनी आल्या आणि पेटी उचलून परत घेऊन गेल्या. दादांच्या खाटेजवळ ठेवली. दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापताना गायला लागल्या, आणि गायच्या त्या मुद्दाम बेसूर! मी विचारलं तर हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमच्या दादाला समदं सोसतं, बेसूर सोसत न्हाई."

दादांनी बरेच दिवस कळ काढली. एका सकाळी मात्र रागानं उठले, भाता ओढला आणि नेमका सूर दाबून धरला. वहिनींनी तोच सूर धरला. पीठभरल्या हातानं डोळे पुसत पुसत गात राहिल्या. मी दारातच उभा होतो.

त्या एप्रिलला गावात पुन्हा मंडप पडला. निवेदकानं पुकारलं, "सिंधुबाई आणि पार्टी!" वहिनींनी माईक हातात घेतला. "नीट पुकारा. शहादेव-सिंधुबाई आणि पार्टी."

दादा गळ्याला निळा रुमाल बांधून पेटीवर बसले. वहिनींचा आवाज चढत गेला तशी त्यांची बोटं पळायला लागली. मधे वहिनी थांबल्या, दादांना एकट्याला वाजवू दिलं. माणसं उभी राहिली.

शेवटी सत्काराची शाल आली. दादांनी ती निवेदकाच्या हातातून घेतली, उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर वहिनींच्या खांद्यावर स्वतः घातली.