मधवाल्या सिस्टर

दादाचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीला घरीच होते, मेथी निवडत बसले होते. "माया, तुझी वहिनी गेली गं," एवढंच तो म्हणाला आणि फोन शेजारच्या कुणाकडे तरी दिला. नंतर कळलं ते असं, की सकाळी चहा झाल्यावर तिच्या छातीत दुखायला लागलं. तिनं स्वतःच स्वतःची नाडी बघितली आणि दादाला रिक्षा आणायला पाठवलं... तो वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या बघितलेली बाई. आपली नाडी काय सांगतेय ते तिला नक्की कळलं असणार.

सुनंदावहिनी अकोल्याकडच्या एका खेड्यातून नर्सिंग शिकायला मुंबईत आली आणि हॉस्पिटलातच पुढे सिस्टर झाली. आमच्या मुलुंडच्या घरात ती लग्न होऊन आली ती नोकरीसकट. रिटायर झाल्यावर तिनं मधमाशीपालनाचं शिक्षण घेतलं, तेव्हा आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तिनं खरंच इमारतीच्या गच्चीवर सातेरीच्या पेट्या आणून ठेवल्या. सातेरी म्हणजे आपल्याकडचीच, झाडाच्या ढोलीत राहणारी मधमाशी. वहिनी पेटी उघडायची ती हातमोजे न घालता, जखमेवरची पट्टी सोडवावी तशी अगदी सावकाश. तिच्या मधाला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. माझ्या ऑफिसातल्या बायका तर महिनाभर आधी सांगून ठेवायच्या. आख्ख्या गल्लीत तिचं नाव पडलं, मधवाल्या सिस्टर.

मग घाटकोपरच्या एका मोठ्या संकुलातून तिला बोलावणं आलं. त्यांना गच्चीवर परदेशी जातीच्या माश्यांच्या पेट्या ठेवायच्या होत्या. खाली 'आम्ही मधमाश्या वाचवतो' असा फलक लागणार होता, दिवाळीला रहिवाशांना मधाच्या बाटल्या मिळणार होत्या आणि देखरेख वहिनीकडे येणार होती. आम्ही सगळे खूश. वहिनी म्हणाली, आधी बाग बघते.

रोज सकाळी ती तिथे जाऊन बसायची. एकदा मीही गेले. हिरवळ सुंदर होती, पामची झाडं ओळीत उभी होती, पण फुलं म्हणाल तर कुंपणाच्या भिंतीशी उगवलेल्या रानटी झुडपांवर, तेवढीच. तिथं डासाएवढ्या काळ्या माश्या फिरत होत्या, आणि पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी फुलाफुलांवर झेपावत होती. मी विचारलं, हिचं मोहोळ कुठाय? वहिनी म्हणाली, "हिचं मोहोळ नसतं. ही एकटी मातीत बीळ करून राहते. हिचा मध कुणाला मिळत नाही ना, म्हणून हिला कुणी ओळखत नाही."

संकुलाच्या कमिटीला तिनं सरळ सांगितलं, की पेटीतल्या माश्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत, खरी अडचण या भिंतीशी राहणाऱ्यांची आहे. इथे फुलं मूठभर. त्यात हजारो माश्या आणून सोडल्या तर या उपाशी मरतील. "एका पेशंटचं ताट उचलून दुसऱ्याला वाढायचं आणि वर म्हणायचं, आम्ही सेवा करतो. मला नाही जमणार," ती म्हणाली. पेट्यांऐवजी औषध फवारणं थांबवा, ती झुडपं तोडू नका, असं तिचं म्हणणं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काम दुसऱ्या कुणाला दिलं.

त्या दिवशीही मी तिच्याबरोबर होते. परतताना रिक्षात भांडुप आलं तेव्हा ती म्हणाली, "माया, आपल्या गच्चीवर मी वेगळं काय करतेय?"

मी म्हटलं, तुझ्या माश्या तर इथल्याच आहेत. तिला ते पटलं नाही. मुलुंडमधल्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले, त्यात कितीतरी झाडं गेली. उरलेल्या फुलांवर सकाळपासून वहिनीच्याच माश्यांची झुंबड असायची, आणि तरी त्यांना पुरत नव्हतं. फुलं नसतील त्या दिवसांत ती त्यांना साखरेचं पाणी ठेवायची. तेच तिला खुपायला लागलं. त्यांचं अन्न आपण काढून विकायचं आणि त्यांना सलाईनवर ठेवायचं, असं ती म्हणायची. शेवटी तिनं सगळ्या पेट्या कोकणातल्या एका ओळखीच्या काजू बागायतदाराकडे पाठवल्या. टेम्पो गेल्यावर ती गच्चीवर जाऊन बसली. दादा बोलवायला गेला, तरी बराच वेळ खाली आली नाही.

गिऱ्हाइकं वैतागली. माझ्या ऑफिसातल्या बायका मलाच टोमणे मारायच्या. वहिनी मधाच्या विरोधात नव्हती. जिथं फुलं भरपूर आहेत तिथं काढा, माश्यांपुरता ठेवून काढा, एवढंच तिचं सांगणं. पण मुलुंडच्या गच्चीवर ते बसत नाही, हे कळल्यावर तिला चालूच ठेवता येईना.

पुढं दादाच्याच सोसायटीनं मागच्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक घालायचं ठरवलं. सेक्रेटरी सावंतकाका मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वभाव रोखठोक. चिखल होतो, डास होतात, त्यांचं खरंच होतं. वहिनी त्यांना एका सकाळी त्यांच्याच वांग्याच्या कुंड्यांपाशी घेऊन गेली. तीच निळ्या पट्ट्यांची माशी आली, वांग्याच्या फुलाला लटकली आणि सबंध अंग थरथरवत घुमायला लागली. वहिनी म्हणाली, "असं हलवलं तर पराग भरभरून सुटतो. मी इतकी वर्षं मधमाश्या पाळल्या, त्यांना हे येत नाही. हिचं घर तुमच्या त्या मागच्या मातीत आहे, काका."

सावंतकाका वाकून बघत राहिले. "म्हणजे माझी वांगी हिच्या जिवार?" ते म्हणाले.

मीटिंगमध्ये तरी आवाज चढलेच. कीटकांसाठी जागा सोडायची म्हणून लोक हसले. वहिनीनं आवाज चढवला नाही आणि जागाही सोडली नाही. शेवटी भिंतीलगतची एक पट्टी उघडी राहिली. पाऊस सरल्यावर त्या मातीत बारीक बिळं दिसायला लागली, तेव्हा हसणारेच आपल्या पाहुण्यांना ती दाखवायला नेत होते. पुढं तिला गोरेगावच्या सोसायट्यांतून, मानखुर्दच्या शाळेतून बोलावणी आली. ती बोलायला उभी राहिली की पहिलं वाक्य ठरलेलं... "मी मध विकायचे, आता विकत नाही." लोक मग कान टवकारून ऐकायचे.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाल्यावर सावंतकाका उभे राहिले. फार बोलले नाहीत. "ह्या बायन आमका माती उघडी ठेवूक शिकवल्यान," म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. हॉस्पिटलातून आलेल्या सिस्टर, घाटकोपरच्या त्या कमिटीतल्या एक बाई, सगळे होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण ही माझी वहिनी, असं प्रत्येकाला जाऊन सांगावंसं वाटत होतं.

परवा दादाकडे गेले. घर रंगवायचंय म्हणून पेंटर बघायला आला होता. बाल्कनीत कपडे दोरीवर वाळत होते, आणि वर एक जुना बांबू नुसताच टांगलेला होता. त्याला एक गोल भोक होतं, आणि खाली फरशीवर भुशाची छोटीशी रास. एक काळाभोर भुंगा घों घों करत आला आणि भोकात शिरला. पेंटर म्हणाला, हा बांबू काढून टाकू ना? आयुष्यात कधी पेटीजवळ न फिरकलेला माझा दादा म्हणाला, "नको. त्याच्या बाजूनं मार रंग." वहिनीनंच म्हणे कपड्यांसाठी दोरी बांधून घेतली होती आणि बांबू भुंग्याला देऊन टाकला होता. पेंटर गेल्यावर दादानं बाल्कनी झाडून घेतली. मग वाळत घातलेला आपला शर्ट त्यानं दोरीवर थोडा पलीकडे सरकवला, भुंग्याला बाहेर पडायची वाट मोकळी राहावी म्हणून.