पलंगाच्या फळीवरच्या खुणा

राज्य नवीन झालं त्या हिवाळ्यात रायपुरात सुतार मिळेनासे झाले. भोपाळहून फायलींचे ट्रक येत होते, जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसत होतं, आणि शहरातला हरेक मिस्त्री कुठल्या ना कुठल्या कचेरीत पार्टिशन ठोकत होता. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सुताराकडे मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तो घरातूनच ओरडला, "दीदी, होली के बाद."

होळीपर्यंत थांबायची सोय नव्हती. समोरची खोली आम्ही भोपाळहून बदलून आलेल्या एका कारकुनाला द्यायची ठरवली होती, आणि खोलीत पलंग हवा ही त्याची एकच अट होती. पलंग होता. बाबांचा, सागवानाचा, अंगाने भक्कम. फक्त त्याच्या मोकळ्या बाजूच्या फळीवर खड्डे पडले होते. चंद्रकोरीसारखे, नखाएवढे, एकमेकांवर चढलेले, शंभर तरी असतील.

बाबा रेल्वेत माल बाबू होते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटात घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी होती. हात सुजायला लागला तेव्हा आईने ती साबण लावून काढली आणि डाव्या हातात घातली. त्या अंगठीने ते फळीवर ठोकायचे. एकदा ठोकलं की पाणी, दोनदा ठोकलं की कूस बदलायची, तीनदा ठोकलं की नुसतं कोणी तरी जवळ येऊन बसायचं. हा हिशेब कोणी ठरवला नव्हता, आपोआप बसला होता. दीड वर्ष आमच्या घरात तोच एक आवाज होता.

त्या दुपारी आई गोल बाजारात गेली होती. मी कचेरीतून लवकर आले होते, डोकं दुखत होतं म्हणून. चहा केला आणि ओट्यापाशी उभी राहून पीत होते. तीनदा आवाज आला. मी म्हटलं, "येऊन राहिली, बाबा." परत तीनदा आला. मी कप खाली ठेवला नाही. मला त्या चहापुरतं कोणाचंच काही नको होतं. तिसऱ्यांदा दोनच ठोके आले. मला वाटलं कूस बदलायची असेल, आणि तेवढं तर थांबू शकतं. अर्धा कप ठेवून मी आत गेले तेव्हा त्यांचा हात फळीवरून बाहेर लोंबत होता आणि डोळे दाराकडे होते.

आई आल्यावर मी सांगितलं, "मी जवळच होते. काही त्रास झाला नाही."

तेरा दिवस जो येईल त्याला आई तेच सांगायची. वर्ध्याहून मामा आले, त्यांनाही सांगितलं. "पोट्टी जवळ होती, एवढं तरी झालं." मी चहाचे कप भरत, मान खाली घालून ते ऐकत होते.

मग आवाज सुरू झाला. बाबा गेले त्याच वेळी, साडेचारच्या सुमाराला, सुट्टीच्या दिवशी हमखास. टक, टक, टक. आणि थोड्या वेळाने दोनच. मी नळ तपासला, खिडकीची कडी कापडाने बांधली, भिंतीपलीकडच्या शेजारणीला विचारलं की तुमच्याकडे काही कुटतात का. पलंगावर लांब चादर टाकून फळी झाकली. आईला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

म्हणून खोली भाड्याने द्यायचं निघालं तेव्हा मीच म्हटलं, सुतार नाही तर नाही, मशीन आणून मी स्वतः घासते.

गोल बाजाराच्या मागे हत्यारांच्या दुकानांची एक अरुंद ओळ आहे. त्यातल्या एका दुकानदाराने माझ्यापुढे तीन मशिनी ठेवल्या. एक पट्ट्याची, खालून रेगमालाचा, म्हणजे काचकागदाचा, पट्टा गरगर फिरणारी. एक चौकोनी, नुसती थरथरणारी. एक गोल, जिची चकती फिरतेही आणि थरथरतेही. त्याने विचारलं, "निशान मिटाना है, कि सिर्फ़ चमकाना है?"

मी म्हटलं, "मिटाना है."

"कितना गहरा?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं. त्याने पट्ट्याची मशीन एका जुन्या फळकुटावर लावून माझ्या हातात दिली. ती चालू होताच पुढे पळाली, दोरीला हिसका देणाऱ्या गाईसारखी. मी घाबरून हात दाबला, तर क्षणात लाकडात वाटीएवढी खळगी पडली. एका फेरीत शंभर खड्डे गेले असते. मला तीच हवी होती. पण ती मला आवरेना, म्हणून त्याने हळूच मशीन काढून घेतली आणि गोल पुढे केली. "ये ले जाइए, दीदी. वज़न मत दीजिए, इसको चलने दीजिए. और बीच-बीच में बंद करके हाथ फेरिए. आँख को नहीं दिखता, हाथ को पता चल जाता है."

चौकोनी घेतली तर खड्डे जायला आठवडा लागेल, असं तो म्हणाला. मी गोल घेतली, सोबत ऐंशी, एकशेवीस आणि दोनशेवीस नंबरच्या चकत्या.

रविवारी सकाळी पलंग खोलून फळी अंगणात दोन स्टुलांवर आडवी ठेवली. आई आत तांदूळ निवडत होती. मशीन लावली तशी आधी पॉलिशची काळी साय निघाली, मग खालचं पिवळसर लाकूड. आणि लाकूड गरम झालं तसा वास यायला लागला. बाबांच्या अंगाला आम्ही रोज लावायचो त्या तेलाचा. दीड वर्षाचं तेल त्या फळीत मुरलं होतं. मी मशीन बंद केली आणि दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे हात फिरवला. खड्डे होतेच, फक्त कडा मऊ झाल्या होत्या. कुठे तीन, कुठे तीन, आणि उशाकडच्या टोकाला, बाकीच्यांपासून जरा दूर, दोन. ते तेच असतील असं काही नव्हतं. पण माझं बोट तिथून हलेना.

मागे आई येऊन उभी होती.

"काहून थांबली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आई, मी तेव्हा जवळ नव्हते."

ती स्टुलाशी खाली बसली. पदराने फळीवरचा भुसा पुसला. "मले माहीत आहे," ती म्हणाली. "ओट्यावर अर्धा कप होता. कोमट होता."

"मग तू सगळ्यांना..."

"मी काय सांगू लोकांले? तू विचारलं काय, मी गोल बाजारात काहून गेली होती? काही घ्यायचं नव्हतं. भांड्यांच्या दुकानासमोर दोन तास बसून राहिली. सकाळपासून ते ठोकून राहिले होते. मले वाटलं, आता परत ऐकलं तर मी त्यांचा हात बांधून टाकीन. खरंच बांधला असता. म्हणून गेली."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. मला मात्र रडू आलं, आणि भुसा ओल्या तोंडावर चिकटला. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि आत गेली.

मी विचारलं, "तुला अजून ऐकू येतं?"

"येते ना. साडेचारले." तिने पदर झटकला. "मले वाटलं, मलेच येते."

फळी ठेवायची की घासायची, हे मी तिच्यावर सोडलं. तिने प्रत्येक खड्ड्यात बोट घालून पाहिलं, डाळ निवडतात तसं, आणि म्हणाली, "घास. मी धरते." तिने फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. मी मशीन चालवली. ऐंशी नंबरच्या चार चकत्या संपल्या. दर थोड्या वेळाने मी बंद करायची आणि दोघी हात फिरवायचो. दुपारपर्यंत खड्डे डोळ्यांना दिसेनासे झाले. हाताला मात्र उशाकडे किंचित खोल लागत होतं. आई म्हणाली, "राहू दे आता." तेवढं राहू दिलं. त्यावर लाखेचं पॉलिश दिलं.

भोपाळचा कारकून अडीच वर्षं त्या पलंगावर झोपला. शांत माणूस होता. त्याने कधी कशाची तक्रार केली नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. आवाज बंद झाला नाही. फरक इतकाच पडला की ठोके ऐकू आले की आई आणि मी एकमेकींकडे बघायचो, आणि मग तिला बाबांचं काही तरी आठवायचं. कधी त्यांनी यार्डात साप कसा मारला, कधी लग्नानंतर पहिल्यांदा रायपूरला आणलं तेव्हा स्टेशनवर तिला एकटीला बसवून ते टांगा शोधायला गेले आणि तासभर आलेच नाहीत. "मले वाटलं, हे आता येत नाहीत," ती सांगायची. मी विचारायचे, मग? आणि ती पुढचं सांगायची.