बाबांच्या नावाने

ऑफिसात तिला सगळे ‘लांबहात’ म्हणत. कामच तसं होतं. कंपनीची पंपघरं शेकडो मैलांवर विखुरलेली, आणि तिथल्या कॉम्प्युटरांना ही इथे खुर्चीत बसून हुकूम सोडायची. त्यासाठीचा प्रोग्राम तिने स्वतः सी भाषेत लिहिला होता. त्याचा एक भाग लांबच्या यंत्रावर कान देऊन बसायचा, दुसरा हिच्या टेबलावर. इथे ओळ टाईप केली की तिथे ती अमलात यायची आणि तिथलं उत्तर इथे उमटायचं. सांगायला सोपं आहे, पण जमेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले होते.

बाबा गेले आणि लांबच्या गावी आई एकटी उरली, तेव्हा तिने तोच प्रोग्राम आईच्या घरी लावला. आईला फोनवरचं ऐकू येत नसे आणि हृदयाची गोळी घ्यायची आठवण राहत नसे. एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग बाबांचा जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आला. काळा पडदा, त्यावर मोठाली अक्षरं. लेक रोज दुपारी एक वाजता ऑफिसातून लिहायची, ‘गोळी घे.’ आई एका बोटाने शोधत शोधत टाईप करायची, ‘घेतली.’ डबीतली गोळी खरंच कमी झालीय का, ते शेजारीण संध्याकाळी बघून कळवायची. वर्षभरात एकही चुकली नाही. लेकीची कॉलर ताठ झाली. ज्या आईने जन्मात हिचं एक ऐकलं नाही, ती आता मुकाट ऐकत होती!

मग एकदा शेजारीण सहज बोलून गेली, “आई म्हणतात, हे रोज आठवण करून देतात म्हणून घेते, नाहीतर मला कुठली शुद्ध.”

“हे म्हणजे कोण?”

“तुझे बाबा गं. दुसरं कोण?”

झालं होतं असं, की तो कॉम्प्युटर बाबांच्या नावाने सुरू व्हायचा आणि लेकीने घाईत प्रोग्रामही त्याच नावाखाली चालू करून दिला होता. हुकूम कुठूनही येवो, तिथल्या पडद्यावर ओळीच्या आधी बाबांचं नाव उमटायचं. या धंद्यातली माणसं असल्या नावाकडे ढुंकून बघत नाहीत. आईने मात्र वर्षभर तेवढंच वाचलं होतं. बाबा गेले हे तिला ठाऊक नव्हतं, असं नाही. ते गेले म्हणून ती रडायचीही आणि दुपारी एकला त्यांची वाटही बघायची. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात सुखाने नांदत होत्या.

लेकीने त्याच दिवशी बाबांचं नाव काढून स्वतःचं घातलं. तीन दिवस आईने गोळीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी धाप लागली आणि शेजारणीने तिला दवाखान्यात पोचवलं. लेकीने निमूटपणे बाबांना परत आणलं.

आईला आपल्याकडे आणायचा प्रयत्नही करून झाला. “ते घरी एकटे आहेत,” म्हणत ती तीन दिवस दाराशी बसून राहिली. लेकीने नोकरी सोडून तिकडे जाऊन राहावं, तर घर हिच्याच पगारावर चाललेलं. महिन्यातून एकदा ती भेटायला जायची. तेव्हा आई तिला पोटभर जेवू घालायची, पण तिच्या हातून गोळी काही घ्यायची नाही. “ह्यांनी अजून सांगितलं नाही,” म्हणायची. मग ही पन्नाशीची बाई शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन लपायची आणि तिथून स्वयंपाकघरात लिहायची, ‘गोळी घे.’ हसावं की रडावं, तिला कळत नसे.

त्या मंगळवारी एक वाजता तिने नेहमीसारखं लिहिलं. उत्तर यायला बराच वेळ लागला.

‘अहो, एक विचारू?’

‘विचार.’

‘लेकीला सांगू नका. बिचारी फार धावपळ करते, तिला वाईट वाटेल. पण मला आता इथे करमत नाही. मला न्यायला कधी येता?’

मागे कुणीतरी डबा उघडत होतं, कुणीतरी सुट्टीचा अर्ज मागत होतं. तो कॉम्प्युटर ती इथून बंद करू शकत होती, चालू करू शकत होती, त्यातलं सगळं पुसून टाकू शकत होती. हा प्रश्न मात्र तिला पुसता येत नव्हता.

‘आधी गोळी घे,’ तिने लिहिलं.

‘आधी सांगा.’

तिने शेजारणीला फोन लावला. ती बाहेरगावी होती. घड्याळात दीड वाजला, मग पावणेदोन. येत नाही म्हणावं, तर गोळी डबीतच राहणार. येतो म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? तिला खूप रडू आलं आणि सगळ्यांसमोर ती रडली. मग डोळे पुसून तिने लिहिलं, ‘येतो लवकर. तोवर रोज गोळी घेत जा.’

‘घेतली,’ आईने लिहिलं. थोड्या वेळाने खाली आणखी एक ओळ आली.

‘लवकर म्हणजे उद्या का?’