वर उघडणारी दारं

चांद्याच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा मी पत्रकं वाटत फिरायचो आणि मला माणसांच्या नावांपेक्षा घोषणा जास्त पाठ असायच्या.

एका जंगल ठेकेदाराने आपली दोन माणसांची साधी स्पोर्ट्स मोटार त्याच्याकडे आणली होती. मार्कंड्याच्या जत्रेत मिरवायला त्याला वर उघडणारी दारं हवी होती. मिस्त्रीने झोपडीच्या ताटीसारखी दारं मोटारीच्या छपराला टांगली, बांबूच्या टेकूवर उभी केली.

ठेकेदार मोटार न्यायला आला, तेव्हा मिस्त्री बिजागऱ्यांच्या खिळी काढून पुन्हा बसवत होता.

"आता काय करून राह्यला रे?"

"मोटार उलटली तं दारं दबतीन, साहेब. खिळी आतून निघाल्या पाहिजे."

"जत्रा आज हाय! मोटार दे, नाई तं पुढचं काम इसर."

"इसरलो. आज मोटार नाई भेटत."

ठेकेदार तणतणत गेला. मी खूश होऊन पत्रक पुढे केलं. "शाब्बास, भाऊ! पण मोटार तशीच द्यायची होती. मेला असता तर एक शोषक कमी झाला असता!"

त्याने हात पुसले, पण पत्रक घेतलं नाही. "मरू काऊन देऊ? दार मी लावलं ना."

मग त्याने मलाच आत बसवलं आणि दारं लावली. "निघून दाखवा, बाबू."

पहिली खीळ निघाली. दुसरी हलेना. ठेकेदाराच्या जागेवर मी घामाघूम झालो.

बाहेरून त्याने दार उचललं, कानस घेतली आणि तीच खीळ पुन्हा घासायला बसला.