तुटक्या हाताचा संत

"बाई, ह्यो अंथनीच न्हवं?"

चर्चमध्ये मी दिसले की ती हाच प्रश्न विचारायची. विचारताना पदराच्या टोकानं पुतळ्याची पावलं पुसत राहायची. माझ्या तोंडाकडं बघायची नाही.

बाळांनो, तुम्ही परदेशातून तिकडच्या संग्रहालयांतले फोटो पाठवता आणि विचारता, आजी, हे सगळे संत एकसारखेच दिसतात, ओळखायचे कसे? त्यांच्या हातांकडं बघा. जुन्या चित्रकारांनी प्रत्येक संताला त्याची खूण दिली आहे. चाक असेल तर कॅथरिन. ताटलीत डोळे असतील तर लूसी. लिलीचं फूल आणि कडेवर बाळ येशू असेल तर अंथनी, हरवलेलं शोधून देणारा. पण फूल आणि बाळ येशूला वाढवणाऱ्या जोसेफजवळही असतात.

आपल्या उमरग्याच्या छोट्या चर्चमधल्या पुतळ्याला खूणच उरली नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरकडच्या एका घराच्या ढिगाऱ्यातून तो निघाला. डावा हात कोपरापासून गेलेला, उजव्याची नुसती मूठ, आणि मुठीत भोक. चेहऱ्यावर पुढं कुणीतरी भिंतीचा रंग फासलेला.

हा प्रश्न विचारणारी ती एका दवाखान्यात आया होती. एकुलता एक मुलगा. कॉलेज सोडून नाक्यावर बसतो म्हणून तिनं मित्रांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. त्याच संध्याकाळी त्यानं मोटारसायकल दारात लावली, किल्ली खिडकीत ठेवली आणि एका ट्रकात बसून हैदराबादच्या दिशेनं निघून गेला. फोन बंद. पोलिस म्हणाले, सज्ञान आहे, येईल.

"किल्ली हितंच हाय, म्हंजे येणारच की," ती म्हणायची. मग एक दिवस तिनं ती किल्ली पुतळ्याच्या मुठीत खोचली. कुणाला शोधायचं ते संताला कळावं म्हणून.

"आता पेट्रोलचंही सांग त्याला," मी म्हणाले.

ती हसली. "पेट्रोल म्या भरते, बाई. त्यानं निस्तं पोरगं आणावं."

तिच्या प्रश्नाला मात्र मी दर वेळी खरं तेच सांगत आले. "हात तुटलेत गं. जोसेफही असेल. सांगता येत नाही."

"बघा की नीट. तुम्ही लई विंग्रजी शिकलेल्या."

पावसाळा गेला, नाताळ गेला. तिच्या ब्लाउजच्या बाह्या ढिल्या झाल्या. ड्यूटी सुटली की घरी न जाता ती सरळ पुतळ्यापाशी येऊन बसू लागली.

एका रविवारी सोलापूरहून आलेल्या नव्या सिस्टर मुलांना संतांच्या खुणा शिकवत होत्या. पुतळ्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, "हातात किल्ली. मग हे कोण?"

"संत पेत्र!" मुलं ओरडली.

"आणि किल्ली कशाची?"

"स्वर्गाच्या दाराची!"

मोटारसायकलची किल्ली पाहून मला कधी पेत्र सुचलाच नव्हता. ती मागच्या बाकावरून उठली, मुलांना बाजूला सारत धावली आणि ती मूठ ओढू लागली. "पेत्र न्हाय ह्यो! माझं लेकरू वर गेलेलं न्हाय!" किल्ली निघाली. तिच्याबरोबर पुतळ्याचं एक बोटही आलं.

सिस्टर घाबरल्या. "मावशी, मग हे कोण आहेत?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, सांगा की ह्यांना."

"अंथनी," मी म्हणाले. "अंथनीच आहे."

तिनं किल्ली पदराच्या गाठीत बांधली. मग हळूच म्हणाली, "आजवर सांगता येत न्हाय म्हणलात. आजच कसं व्हय म्हणता? तुमची बी आशा सुटली न्हवं, बाई?"



दुसऱ्या दिवशी तिच्या दाराला कुलूप होतं. मोटारसायकलही जागेवर नव्हती. तिला ती चालवता येत नसे. तिची शेवटची खबर हायवेवरच्या चहावाल्याकडून मिळाली. दोन्ही हातांनी हँडल धरून, गाडी ढकलत ती हैदराबादच्या रस्त्यानं कर्नाटकाच्या बाजूला चालली होती. ट्रक अगदी खेटून जात होते. त्यानं हाक मारली, "ओ मावशी, बसनं जावा की! येवढी गाडी कुठं रेटता?"

ती थांबली नाही. "मला बघितलं तर पळंल त्यो," म्हणाली. "गाडी बघून थांबंल."