निरोपाचा कोट

वडिलांच्या निरोप समारंभासाठी मी त्यांना जुना कोट आणून दिला आणि नवा शिवून आणलाय असं सांगितलं. कोट चांगला होता. बाकी सगळं चुकलं.

तेव्हा मी नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो आणि खोली घेऊन राहत होतो. नव्वदीचं दशक अर्धं सरत आलं होतं. माझ्या वयाची पोरं पगार झाला की जीन्स घ्यायची. मी पगार झाल्यावर एका शिबिराला गेलो. तिथं पुण्याहून आलेल्या एका दाढीवाल्यानं एका शर्टामागं किती पाणी जातं, कापसावर किती फवारे बसतात, रंगाचं पाणी कुठं सोडतात, हे सगळं सांगितलं. मला काहीही लगेच पटतं. परतीच्या एस्टीतच ठरवून टाकलं की यापुढं मिलचं नवं कापड अंगाला लावायचं नाही. एक तर खादी, नाहीतर कुणीतरी वापरून सोडलेलं.

दोन झब्बे घेतल्यावर खादी आपल्याला परवडत नाही हे कळलं. मग राहिला जुना बाजार. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बाया ते धुऊन, टाके घालून तिथं ढीग मांडून विकायच्या. भिंगारच्या लष्करी छावणीकडून फौजींचे कपडेही यायचे. वर्षभरात माझी पेटी भरली. एक हिरवी पँट होती, तिच्यात मी आणि आणखी अर्धा माणूस मावला असता. कॉलर उलटून शिवलेले चौकड्यांचे शर्ट होते. एक पिवळा टी-शर्ट होता, त्याच्या पाठीवर कुठल्याशा क्रिकेट संघाचा बारा नंबर होता. मी जन्मात बॅट धरलेली नाही, पण बारावा गडी म्हणून शोभायचो. कारखान्यातली पोरं सकाळी मला बघून विचारायची, "आज कोण आलंय?" म्हणजे आज कुणाच्या कपड्यात आलास. मला ते कौतुकच वाटायचं.

घरी, देवळाली प्रवऱ्याला, यातलं काही सांगितलं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते. पांढरा शर्ट, त्याला अशी इस्त्री की बसताना आवाज यावा. आमच्या घरात दुसऱ्याचा उतरलेला कपडा येत नसे. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासूनचा नियम. दादा तो इतका पाळायचे की थोरल्याचा शर्ट धाकट्यालासुद्धा मिळायचा नाही, आई त्याची गोधडी करायची. मला वाटायचं, गावानं टाकलेलं घेणं वेगळं आणि आपण विचार करून, पैसे देऊन घेणं वेगळं. हा फरक मला इतका स्वच्छ दिसत होता की दादांना सांगायची गरजच वाटली नाही. खरं तर सांगायची छाती नव्हती.

माझी ढगळ पँट बघून दादा एवढंच म्हणायचे, "टेलर बदल. लुटतोय तुला."

दादांनी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. रिटायर व्हायच्या वर्षी मागितलं. एका रविवारी जेवताना खाली बघूनच म्हणाले, "निरोपाच्या फोटोत कोट असावा म्हणतो. आपल्या घरात अजून कुणाच्या अंगावर चढला नाही."

"मी शिवून आणतो," मी म्हटलं. मापासाठी त्यांनी आपला शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

तो शर्ट घेऊन मी टेलरकडंच निघालो होतो. पण वाटेत जुना बाजार लागतो. आणि तिथं एका ढिगावर गडद निळा कोट पडलेला. मी दादांचा शर्ट त्यावर पसरून बघितला. खांद्याला खांदा, बाहीला बाही.

"सायबाचा हाय," विकणारी बाई म्हणाली.

"कुठल्या साहेबाचा?"

"सायबाला नाव लागतं व्हय? घेनार हाईस का इथंच फडकी हातरून बसनार?"

एका फोटोसाठी एवढं लोकरीचं कापड नव्यानं कशाला फाडायचं, असा मी विचार केला. कोट घेतला, ड्रायक्लीन केला, बटणं बदलली. आणि कापडबाजारातल्या दुकानातून एक नवं खोकं मागून आणून त्यात घातला. तत्त्वाला खोकं लागत नाही, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

दादांनी घरात घालून बघितला. कपाटाच्या आरशासमोर आधी सरळ, मग तिरके उभे राहिले. "टेलर बदललास वाटतं," म्हणाले. आई म्हणाली, "काढा आता, घामानं खराब व्हईल." ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.

समारंभाच्या दिवशी शेवगावहून आत्या आली. दादांची धाकटी बहीण. तिच्यासमोर काही झाकून राहत नाही. सकाळी आईनं कोट अंगणात दोरीवर टांगला होता. आत्या तांब्या घेऊन तोंड धुवायला गेली आणि तिथंच थांबली.

"भाऊ, ह्या खिशावर काय हुतं रं?"

दादा बाहेर आले. मीही गेलो. वरच्या खिशावर ढालीच्या आकाराचा एक तुकडा बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसत होता, आणि त्याच्या कडेनं सुईची भोकं. कुणाचा तरी बिल्ला उसवून काढलेला. बाजारात, माझ्या खोलीत ते कुठंच दिसलं नव्हतं. देवळालीच्या उन्हात लख्ख दिसत होतं.

"डिझाईन आहे," मी म्हणालो.

"भोकाचं?" आत्या म्हणाली.

दादांनी त्या गडद तुकड्यावरून बोट फिरवलं. "कुणाचा आहे?"

"माहीत नाही."

त्यानंतर मी जे बोललो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. पाणी, फवारे, रंग, नदी, दाढीवाल्याचं सगळं भाषण मी अंगणात उभं राहून म्हणून दाखवलं. आईनं तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. कालव्याचं पाणी मिळालं नाही म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं ऐकावं तसं दादांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तुझ्या त्या पँटीपण?"

"हो."

"मी उगीच टेलरला शिव्या घातल्या."

मग कोट दोरीवरून काढत म्हणाले, "मी तिसरीत होतो. माझ्या बापाला गावातून एक उतरलेला सदरा मिळाला. आईनं कापून माझ्या मापाचा केला. ज्याच्या घरचा होता ते पोरगं माझ्या वर्गात. गुरुजी शिकवत असले तरी मागून धरून ओढायचं, सगळ्यांना सांगायचं, ह्यो आमचा सदरा. आणि सदरा त्यांचाच होता."

हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. ऑफिसातली जुनी बाब सांगावी तसं सांगितलं. "तुझं पाण्याचं खरं असंल. पण मला आधी विचारायचं होतंस," म्हणाले आणि कोट माझ्या हातात दिला. "तू घाल. तुला चालतो ना."

मे महिना होता. दादा रोजचाच पांढरा शर्ट घालून निघाले आणि त्यांच्यामागून मी, लोकरीचा कोट घालून. त्यांचं माप मला कुठून होणार. खांदे दंडावर उतरले होते आणि हाताची फक्त बोटं दिसत होती. ऑफिसच्या दारात एकानं मला पाहुणा समजून पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडं वळवला. मोठ्या साहेबांनी दादांना हळूच विचारलं, "हे कोण?"

"धाकटा मुलगा," दादा म्हणाले. "त्याला थंडी वाजते."

शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. फोटोला सगळे उभे राहिले तेव्हा फोटोवाला मला म्हणाला, "कोटवाले साहेब, तुम्ही मधे या. काका, तुम्ही जरा कडेला." दादा खरंच कडेला सरकले. आयुष्यभर साहेबांना जागा दिलेला माणूस, सवयीनं सरकला. मी कोट काढून खुर्चीमागं टाकला, दादांना दंडाला धरून मधे आणलं आणि स्वतः चौकटीबाहेर जाऊन उभा राहिलो. फोटो चांगला आला. पांढरा शर्ट, खांद्यावर शाल.

संध्याकाळी घरी चहा घेताना मी म्हटलं, "दादा, या आठवड्यात टेलरकडं जाऊ. तुम्ही स्वतः चला, कापड तुमच्या पसंतीनं घेऊ."

"आता कशाला?" दादा म्हणाले. "फोटो निघाला."

ते उठून आत गेले. मी आत्याकडं बघितलं. मला वाटलं, ती तरी म्हणेल, जाऊ दे लेका, तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली.

"आमच्या बापानं उतरलेलं घातलं ते पोटासाठी," ती म्हणाली. "तुला काय झाल्तं?"