जावेच्या पासावर गेलेला डोळा

आमच्या शेतात हरळी आली की आम्ही ती मुळासकट उपटतो, बांधावर उन्हात टाकतो, तरी मरत नाय. गोल्फच्या मैदानात उलटं. तिथं त्या हरळीसारख्याच गवताला पाणी घालायचं, कापायचं, तेल लावून विंचरल्यासारखं ठेवायचं, आणि त्यात दुसरं जे काय उगवंल ते आम्ही बायकांनी उकिडवं बसून खुरप्यानं काढायचं. पहिल्या दिवशी माझ्या धाकट्या जावेनं ते चांगलं गवतच उपटून ढीग केलान. मुकादम डोक्याला हात लावून बोलला, "अगो, तू पीकच काढलंस की गो!" तिनं घरी येऊन सांगितलान तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

हे मैदान खांब गावावरून आत, डोंगराच्या पायथ्याला. आमच्या गावातल्या बारा-पंधरा घरांच्या जमिनी त्यात गेल्या. तेव्हा ठरलं की ज्याची जमीन गेली त्या घरटी एक बाई कामाला घ्यायची. आमच्या घराचा पास जावेच्या नावावर निघाला, कारण मी तेव्हा सासूच्या आजारपणात अडकलेली. पास म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा. वर नाव आणि नंबर. फोटो नाय.

आता आमच्याकडं आवणीची, म्हणजे भाताच्या लावणीची, रीत अशी की घरटी एक माणूस दुसऱ्याच्या शेतात जायचं. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. कोण आलं ते कोण विचारीत नाय. सासू येईल, सून येईल, लेक येईल. घराचं माणूस आलं म्हणजे झालं. आम्ही पासाचं पण तसंच धरलं. पास घराचा. आज मी मोकळी तर मी, उद्या ती मोकळी तर ती. सगळ्या घरांत तेच चाललं होतं. मुकादमाला ठाऊक होतं, तो पण इथलाच, खुरपी मोजायचा आणि गप बसायचा. यात काय चुकतंय असं कोणाच्या मनात पण आलं नाय.

वालाची पेरणी आटपली होती. जावेचा बाप आजारी म्हणून ती कासूला माहेरी गेलेली. मी तिचा पास घेऊन गेले.

सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. आम्ही चौघी ओळीनं बसलेल्या. मागून कोणतरी ओरडलं. आता मागून हाक आली तर माणूस काय करतं? वळून बघतं. बाकीच्या तिघी लांब होत्या, त्यांना ऐकू आलं नाय. मी वळून बघितलं.

आधी दुखलं नाय. दगडावर नारळ आपटावा तसा आवाज झाला, तो माझ्याच डोक्यात झाला. मंग डाव्या गालावरून ऊन ऊन काहीतरी उतरायला लागलं. मी पदर लावला. पदर कोणत्या रंगाचा होता ते मला आता आठवत नाय, इतका तो एकदम लाल झाला.

चेंडू मारणारा पांढऱ्या टोपीतला माणूस पळत आला. माझ्याच वयाचा असेल. "सॉरी मावशी, सॉरी मावशी," एवढंच बोलत होता. त्यानं स्वतःच्या गाडीत घालून मला रोह्याला नेलान. गाडीची गादी खराब झाली, मी बोलले पण तसं, तर बोलला, "राहू द्या हो गादीचं." तो माणूस वाईट नव्हता. ते मी आजपण सांगते.

मुकादम पुढच्या सीटवर बसून आलेला. दवाखान्यात माझं नाव विचारलं तेव्हा त्यानंच सांगितलान. माझ्या जावेचं. पासावर तेच, मैदानाच्या वहीत तेच, मंग दवाखान्यात पण तेच. मी ऐकलं, पण मला तेव्हा नावाचं काय पडलं होतं! रोह्यावरून पेणला नेलं. पेणच्या डॉक्टरनं बघून आमच्या ह्यांना बाजूला नेलान. ह्यांनी परत येऊन माझ्या पायाशी बसून सांगितलं, "डावा काढायला लागंल. ठेवला तर उजव्याला पण धरंल." मी बोलले, "काढा मंग." अजून काय बोलणार!

डोळा काढला आणि मी घरी आले. त्या पांढऱ्या टोपीवाल्यानं पेणचा खर्च दिलान. एकदा फळं घेऊन यायचा होता असं कळलं, पण आला नाय. नंतर मुकादमानं सांगितलं, त्याच्या वकिलानं मनाई केलीन. बाईला भेटायला गेलास तर चूक कबूल केल्यासारखं होईल बोलला. मला हे लई दिवस समजलं नाय. फळं दिली तर चूक कबूल, आणि नाय दिली तर चूक कोणाची?

तेच तर ठरत नव्हतं. मैदानाचा मॅनेजर आला, ओटीवर उभ्यानं बोलला, चेंडू खेळणाऱ्यानं मारला, कामाची माणसं कंत्राटदाराची, आमचा यात काय संबंध? खेळणाऱ्याकडनं निरोप आला, मी हाक मारली होती, मैदानात बायका बसवायच्या की नाय ते मैदानवाल्यांनी बघायचं. कंत्राटदार बोलला, माझ्या यादीतल्या सगळ्यांचा विमा हाय, यादीत नाव असंल तर मिळंल. आणि यादीत नाव होतं जावेचं.

विम्याचा माणूस पेणवरून चौकशीला येणार असं कळलं, त्याच्या आदल्या दिवशी मुकादम घरी आला. दीर, जाऊ, आमचे हे, सगळे बसलेले. मी मागच्या खोलीत पडलेली, दार लोटलेलं, पण ऐकू सगळं येत होतं.

मुकादम जावेला बोलला, "उद्या तू बसायचंस पुढं. डोळ्यावर पट्टी बांधून."

"मी?" जाऊ बोलली. "माझे डोळे धड हायत!"

"म्हणून तर पट्टी. त्याच्याकडं नाव तुझं, दवाखान्याचा कागद तुझ्या नावाचा. मतदानाचं कार्ड बघंल, त्यावर तोंड तुझं. तुझ्या जावेला बसवली तर एका मिनिटात पकडंल."

दीर बोलला, "पट्टी सोड बोलला तर?"

"डॉक्टरनं सोडू नको सांगितलंय म्हणायचं. आणि हे बघ गो, नीट ऐक. तो विचारंल, तुमाला सूचना होती काय? तर होती म्हणायचं. हाक आली की डोक्यावर हात घेऊन खाली बसायचं, असं आमाला रोज सांगतात. मीच त्या दिवशी ऐकलं नाय, वर बघितलं. एवढं बोललीस की मॅनेजर पण खूश आणि विमा पण पास."

"असं सांगत होते काय रोज?" आमच्या ह्यांनी विचारलं.

मुकादमानं दाराकडं बघितलान. मंग हळू आवाजात बोलला, "भाऊ, डोळा तर गेलाच हाय. पोरांच्या तोंडात काय पडंल ते बघा."

रात्री हे माझ्याजवळ आले. "काय करायचं?" विचारलं. मी बोलले, "करा काय ते." मला खरंच तसं वाटत होतं. डोळ्याचा पैसा जावेच्या नावानं आला तरी तो ह्याच घरात येणार. सासूचं औषध, पावसाआधी घराचं छप्पर, आणि माझ्या उजव्या डोळ्याला दर महिन्याला पेणला दाखवायचं. नाव काय घेऊन बसायचंय!

सकाळी मुकादमानं जावेच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलीन. कापूस आतून, वर पांढरी चिंधी. घरात कोण हसलं नाय. मी तिला दाराच्या फटीतून बघितलं. आरशात बघितल्यासारखं वाटलं.

विम्याचा माणूस सडपातळ, चष्मेवाला, घामेजलेला. एस्टीनं आला होता. पाणी प्याला, कार्ड बघितलान, जावेचं तोंड बघितलान. सगळं ठीक चाललं होतं. मंग त्यानं वही काढलीन.

"कसं झालं ताई? तुमच्या शब्दांत सांगा."

जाऊ पाठ केल्यासारखी बोलली. बसले होते, हाक आली, चेंडू लागला.

"हाक आली तर काय करायचं, हे तुम्हाला सांगितलं होतं का?"

"व्हय. रोज सांगतात. डोक्यावर हात घेऊन खाली बसायचं."

"मग तुम्ही बसला नाहीत?"

"नाय. माझीच चूक. मी वर बघितलं."

त्यानं लिहायला घेतलान. पेनाचा आवाज मला आत येत होता.

मी का उठले ते मला आजपण नीट सांगता येणार नाय. डोळा गेला ते मी सोसलं होतं. नाव गेलं ते पण सोसलं होतं. पण माझीच चूक, हे दुसऱ्याच्या तोंडून, माझ्या नावाशिवाय, माझ्याच घरात लिहिलं जात होतं. तीन वर्षं त्या गवतात बसलो आम्ही. एक दिवस कोणी सांगितलं नाय की हाक आली तर काय करायचं.

मी दार उघडून बाहेर आले. माझी पण पट्टी डाव्याच डोळ्यावर.

विम्याचा माणूस एकदा तिच्याकडं बघायचा, एकदा माझ्याकडं.

मी बोलले, "डोळा तिचा नाय, माझा गेलाय. आणि आमाला कोणी कधी काय सांगितलं नव्हतं. मागून हाक आली म्हणून मी वळले. तुमाला कोणी मागून हाक मारली तर तुमी वळणार नाय काय?"

मुकादम उठून अंगणात गेला. दीर बोलला, "वयनी!" एवढंच.

विम्याच्या माणसानं पेन खाली ठेवलान. "तुमचं नाव यादीत नाही ना, मावशी."

"नाय."

"मग मला काही करता येणार नाही. हे खोटं होतं हेही मी लिहायला हवं." मंग चष्मा पुसत बोलला, "नाही लिहीत. पण प्रकरण इथंच बंद होईल."

"बंद करा. पण सूचना नव्हती ते लिहा."

"लिहितो."

त्यानं काहीतरी लिहिलान खरं. मी दुसरी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचते. त्याचं अक्षर तिरकं. काय लिहिलान ते मला ठाऊक नाय.

तो गेला. जावेनं पट्टी ओढून काढलीन आणि चुलीत टाकलीन. दीर अंगणातून ओरडला, "पाच मिनिटं गप बसली असतीस, तर काय बिघडलं असतं?" आमचे हे काय बोलले नाय. ते मला जास्त लागलं.

पैसा आला नाय. आमच्या घराचा पास गेला. बाकीच्या घरांना फोटोचे पास झाले, मंग कोणाच्या बदली कोणी जायचं बंद झालं. चार घरांतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्या वर्षी पावसात छप्पर गळलं, सासू ओल्यातच गेली. उजव्या डोळ्याला दाखवायला मी दोनदा गेले, मंग नाय गेले. तो राहिला, त्याचं नशीब. आणि दिवाळीनंतर मैदानातल्या बायकांना पिवळ्या कडक टोप्या मिळाल्या. हाक आली की खाली बसायचं, डोक्यावर हात घ्यायचा, असं रोज सकाळी सांगायला लागले म्हणे. त्या विम्यावाल्याच्या लिहिण्यानं झालं की आपोआप, ते कोण सांगणार?

जाऊ माझ्याशी पाच-सहा महिने बोलली नाय. एका चुलीवर दोन भाकरी भाजायचो, ती तिची परात उचलून जायची.

मंग आवणी आली. आवणीत बायका ओळीनं वाकतात, एकीच्या बाजूला एक, रोप लावीत मागं सरकतात. माझ्या डाव्या बाजूला काय दिसायचंच नाय. पहिल्याच दिवशी माझी ओळ वाकडी गेली, बाजूवालीच्या रोपांवर माझा पाय पडला. ती खेकसली, "दिसत नाय तर येतेस कशाला गो?" मी चिखलात उभी राहिले.

जाऊ पलीकडून आली. त्या बाईला ढकलून माझ्या डाव्या बाजूला वाकलीन आणि लावायला सुरुवात केलीन. पायानं पायाला धक्का दिलान, म्हणजे इथवर ये. मी तिथवर गेले. संध्याकाळपर्यंत ओळ सरळ आली.

त्यानंतर दरसाल ती डावीकडंच. लई वर्षांनी एकदा बांधावर भाकरी खाताना बोलली, "बाय, ती पट्टी होती ना, तेव्हा मला वाटायचं, सोडल्यावर दिसलं नाय तर? सोडली आणि आधी चूल बघितली. जळत होती."

"म्हणून पट्टी तिच्यात टाकलीस?"

"व्हय. परत कोणी बांधू नये म्हणून."

गेल्या सालच्या पावसात जाऊ वारली. यंदा आवणीला मी गेले नाय. सून बोलली, "आत्या, तुमी बसा, मी जाते, घराचं एक माणूस पुरे." मी ओटीवर बसून राहिले. मागून कोणी हाक मारली तर मी अजून वळते. फक्त आता उजवीकडून वळते, पुरता फेरा घेऊन, कारण डावीकडं आता कोण नाय.